बारीक नळी, मोठं जनावर

पूर्ण वाढलेला आफ्रिकी नर हत्ती पाच-सहा टनांचा असतो. वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल हा स्कॉटिश शिकारी त्याच्यावर जी गोळी झाडत असे ती सव्वाअकरा ग्रॅमांची होती, जाडीला सात मिलिमीटरांहून किंचित अधिक. १९०२ पासून पुढे युगांडाच्या ईशान्येकडच्या करामोजा प्रदेशात, नंतर लाडो, लायबेरिया आणि फ्रेंच आफ्रिकेत मिळून बेलने हजाराहून अधिक हत्ती मारले. करामोजावरूनच त्याला ‘करामोजो बेल’ हे नाव पडलं. त्या हत्तींपैकी सुमारे आठशे पडले ते लंडनच्या रिग्बी कंपनीच्या .२७५ रायफलींनी. .२७५ हे इंग्रजी नाव. मूळचं काडतूस जर्मन, ७×५७ माउझर. १८९३ मध्ये ते स्पेनच्या फौजेत दाखल झालं आणि १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात बोअरांनी ते इंग्रजांवर चालवलं. म्हणजे हे काडतूस बनलं होतं माणसावर झाडण्यासाठी. त्याच वर्षांत आफ्रिकेतले इतर अनेक शिकारी .५७७ आणि .६०० या थोराड दुनळ्या वापरत होते. .६०० ची गोळी अठ्ठावन्न ग्रॅमांची, बेलच्या गोळीच्या पाचपट जड.

बेलची ही हकिकत शिकारीच्या जगात शंभर वर्षं सांगितली जाते आहे, आणि ती ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, बारीक रायफल पुरते हे बेलने सिद्ध केलं, मग जड बंदुकीचं ओझं कशाला वाहायचं? दुसरा म्हणतो, तो बेल होता म्हणून निभावलं. इतरांनी तसं करणं हा जनावरावर अन्याय आहे. मला दोघांचंही अर्धंच पटतं, कारण दोघांचीही नजर रायफलीवर खिळलेली आहे. माझं म्हणणं असं, की शिकारीत बळाची आणि ज्ञानाची वजाबाकी-बेरीज सतत चालू असते. गोळीचं बळ जितकं कमी कराल तितकं ज्ञान, संयम आणि सराव वाढवावा लागतो. तो वाढवला नाही तर ती तूट जनावर सोसतं, आणि पुष्कळदा त्या जनावराच्या वाटेत पुढे येणारी माणसंही सोसतात. हे नीट कळायचं तर आधी गोळी जनावराला मारते म्हणजे नेमकं काय करते, ते पाहायला हवं.

मोठ्या जनावराला मोठी गोळी, ही समजूत आली कुठून? ती काळ्या दारूच्या काळातून आली, आणि त्या काळात ती खरी होती. काळ्या दारूने शिशाच्या गोळ्याला वेग देता यायचा तो मर्यादित; दारू कितीही वाढवली तरी एका टप्प्यापुढे वेग वाढत नसे, धूर आणि धक्का मात्र वाढे. शिसंही मऊ. हाडावर आदळलं की चेपायचं, पसरायचं आणि तिथेच अडकायचं. मग आत खोल जायला एकच उपाय उरायचा: गोळा जड करायचा. म्हणून एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल बेकर सिलोनमध्ये आणि आफ्रिकेत प्रचंड बंदुका बाळगत होता. म्हैसूरकडे हत्ती पकडण्याचं काम करणारा सँडरसनही जंगली हत्तीसमोर जाताना अवजड बंदुकीवरच विसंबत होता. फ्रेडरिक सेलूसने १८७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत ठासणीच्या ज्या ‘चार बोअर’ बंदुका घेतल्या, त्यांचा एकेक गोळा पाव पौंडाचा, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमांचा होता.

पुढच्या दहा-बारा वर्षांत दोन शोध लागले आणि हे सगळं गणित फिरलं. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने १८८२ च्या सुमारास शिशाच्या गोळीला तांब्याचं कवच चढवलं. फ्रान्सच्या पॉल व्हिएलने १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली, आणि १८८६ मध्ये फ्रेंच फौजेच्या हाती आठ मिलिमीटरची लेबेल रायफल आली. नळी बारीक झाली, गोळी लांबट झाली, वेग पुष्कळ वाढला आणि कवचामुळे गोळी हाडावर चेपेनाशी झाली. दहा वर्षांत युरोपातल्या बहुतेक फौजांनी साडेसहा ते आठ मिलिमीटरच्या रायफली घेतल्या. शिकाऱ्यांच्या मनातली जुनी समजूत मात्र तशीच राहिली. त्यांनी नवी दारू घेतली आणि ती पुन्हा मोठ्या नळीतच भरली. १८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस बाजारात आणली आणि तिच्यामागून आणखी मोठ्या नळ्यांची रांग लागली.

त्यामागे एक चित्र होतं, आणि ते आजही अनेकांच्या डोक्यात आहे: गोळी जनावराला ‘उडवते’, ‘आडवं करते’, धक्क्याने पाडते. हे चित्र हिशेबाला टिकत नाही. बेलची गोळी सेकंदाला सुमारे सातशे मीटर वेगाने निघायची. ती पाच टनांच्या हत्तीत शिरून तिथेच थांबली, तर सगळा धक्का मिळून हत्तीला किती हलवेल? सेकंदाला जेमतेम दीड मिलिमीटर इतका वेग देईल. मग .६०० ची गोळी किती देईल? सेकंदाला सात मिलिमीटरही नाही. ज्या प्राण्याच्या एका पावलात दीड-दोन मीटर जातात, त्याला सात मिलिमीटरांचं काय? आणि याची साक्ष शिकाऱ्याच्या खांद्यावरच असते. गोळी पुढे जाताना जो धक्का घेऊन निघते, तेवढाच, किंबहुना दारूच्या वायूंमुळे थोडा अधिकच, धक्का दस्त्यातून बंदूक चालवणाऱ्याला बसतो. सत्तर किलोंचा माणूस त्या धक्क्याने पडत नाही, तर पाच हजार किलोंचा हत्ती कसा पडेल?

मग हत्ती पडतो तो कशाने? गोळीने मरण येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. मेंदू किंवा मेंदूलगतचा मज्जारज्जू छेदला गेला तर शरीरावरचा ताबा त्याच क्षणी सुटतो आणि जनावर जागच्या जागी कोसळतं. हृदय, हृदयाच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या किंवा फुप्फुसं फाटली तर रक्तदाब उतरतो आणि काही सेकंदांत, कधी मिनिटाभरात, मेंदूला रक्त पुरेनासं होतं. तेवढ्या वेळात जनावर शंभर-दोनशे मीटर धावूही शकतं. बाकी जे काही गोळी करते, म्हणजे पोट फाडणं, मांडी चिरणं, जबडा मोडणं, त्याने मरण येतं ते तासांनी, दिवसांनी किंवा येतच नाही. बळ कितीही असो, ते वर्मी पोहोचलं नाही तर त्याचा परिणाम यातनेपलीकडे जात नाही.

बेलने हे ओळखलं आणि तो वर्माच्या शोधाला लागला. हत्तीचं डोकं बाहेरून जेवढं प्रचंड दिसतं, त्याच्या मानाने मेंदू लहान असतो. पाच किलोंच्या आसपास वजनाचा, कवटीच्या मागच्या आणि खालच्या भागात दडलेला. कपाळामागचा सगळा फुगवटा म्हणजे हवेच्या पोकळ्यांनी भरलेलं सच्छिद्र हाड. नवखा शिकारी कपाळाच्या मधोमध नेम धरतो आणि गोळी मेंदूच्या वरून त्या पोकळ हाडातून निघून जाते. हत्तीला जखम होते, तो चवताळतो किंवा पळतो, मरत नाही. बेलने मारलेल्या हत्तीची कवटी उभी चिरून घेतली आणि मेंदू नेमका कुठे आहे ते स्वतः पाहिलं. हत्ती समोरून, बाजूने, तिरका, मान वर उचललेला किंवा खाली घातलेला असला, तर बाहेरच्या कोणत्या खुणेवरून आतली ती जागा ओळखायची, याची त्याने चित्रं काढली. तो चांगला चित्रकार होता. पाठीमागून तिरक्या रेषेत, मानेच्या स्नायूंतून मेंदूकडे जाणारा नेम पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. हा नेम शक्य झाला त्याला दोन कारणं होती: आत काय आहे ते बेलला ठाऊक होतं, आणि तिथवर पोहोचेल अशी गोळी त्याच्याकडे होती.

आता पोहोचण्याचा प्रश्न. एवढीशी गोळी हत्तीच्या मानेतून, हाडातून मेंदूपर्यंत जाईल कशी? इथेही डोळ्यांना दिसणारं माप फसवं आहे. गोळी किती खोल जाईल हे तिच्या नुसत्या वजनावर ठरत नाही. तिच्या तोंडाच्या क्षेत्रफळामागे किती वजन उभं आहे, यावर ते बरंचसं ठरतं. बेलच्या गोळीचं तोंड सुमारे एक्केचाळीस चौरस मिलिमीटरचं. प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे तिच्यात ०.२७ ग्रॅम वजन होतं. .६०० च्या गोळीचं तोंड सुमारे १९५ चौरस मिलिमीटरचं, आणि प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे वजन ०.३० ग्रॅम. पाचपट जड गोळीची या मापातली आघाडी एवढीशीच. शिवाय बारीक गोळीचा वेग अधिक. चांभाराची आरी जाड चामड्यातून आरपार जाते आणि त्यासाठी तिला मोगरीएवढं जड व्हावं लागत नाही. लांब, सडपातळ आणि न वाकणारं असणं तिला पुरतं. बेलची गोळी तशीच होती: लांबट, बोथट तोंडाची, पूर्ण कवचाची, फौजी घडणीची. ती फुटत नसे, पसरत नसे, आणि सहसा वाट सोडत नसे.

‘पसरत नसे’ हा यातला निर्णायक भाग आहे, आणि त्याची उलट बाजू १९११ मध्ये पूर्व आफ्रिकेत दिसली. कॅनडातल्या सर चार्ल्स रॉसने .२८० रॉस नावाचं काडतूस काढलं होतं. नळीची जाडी जवळपास बेलच्या रायफलीएवढीच, पण गोळी हलकी, नऊ-साडेनऊ ग्रॅमांची, आणि वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या घरात. कागदावर तिची ऊर्जा बेलच्या गोळीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने अधिक. जॉर्ज ग्रे हा ब्रिटनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांचा भाऊ. तो नैरोबीजवळच्या मैदानात हीच रायफल घेऊन सिंहासमोर गेला. गोळ्या लागल्या, पण वरच्यावर फुटल्या. आत पोहोचल्या नाहीत. सिंह थांबला नाही. त्याने ग्रेला फाडलं आणि काही दिवसांनी ग्रे नैरोबीत मरण पावला. दोन रायफली, नळी जवळपास सारखी, एकीने आठशे हत्ती पाडले आणि दुसरी एका सिंहाला अडवू शकली नाही. म्हणून ‘लहान कॅलिबर’ एवढंच म्हणून थांबणारी चर्चा पोकळ असते. गोळीचं वजन किती, घडण कशी, ती कोणत्या जनावराच्या कोणत्या थरातून जायची आहे, हे कळल्याशिवाय नळीच्या जाडीला काही अर्थ नाही.

आणखी एक बाजू राहते, ती माणसाची. जड बंदुकीचा धक्का खांद्यापेक्षा मनावर अधिक बसतो. सेलूसने आपल्या चार बोअर बंदुकांबद्दल पुढे लिहून ठेवलं, की त्या कधी हातात घेतल्याच नसत्या तर बरं झालं असतं, इतका त्यांनी त्याच्या नेमबाजीवर परिणाम केला. चाप ओढण्याच्या क्षणी शरीर धक्क्याची वाट पाहत आक्रसतं, डोळा मिटतो, नळी तसूभर हलते, आणि तीस-चाळीस पावलांवर तेवढ्याने मेंदू चुकतो. हे धैर्याने जात नाही. शरीर स्वतःला वाचवायला शिकलेलं असतं. बारीक रायफलीचा खरा लाभ इथे आहे. ती हलकी असल्याने दिवसभराच्या पायपिटीनंतरही हातात स्थिर राहते, तिचा धक्का सोसवतो, म्हणून तिच्यावर भरपूर सराव होतो. बेल रिकाम्या रायफलीने सतत नेम धरून चाप ओढण्याचा सराव करत असे. त्याच्या हातातलं साधन नुसतं बारीक नव्हतं. ते त्याच्या शरीराचा भाग झालेलं होतं.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मग वाद मिटला. बारीक रायफलच श्रेष्ठ. तसं नाही. मोठी नळी काय देते तेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवं. ती चुकीला थोडी जागा देते. मोठी गोळी मेंदूच्या अगदी जवळून गेली तर तिच्या हादऱ्याने हत्ती काही क्षण सुन्न होऊ शकतो. तेवढ्यात दुसरा बार काढता येतो. खांद्याचं हाड, कंबरेचा सांधा यांचा ती अधिक चुराडा करते, छातीत रुंद वाट पाडते. दाट झुडपात दहा पावलांवरून जखमी रेडा अंगावर येतो तेव्हा नेम निवडायला वेळ नसतो. तिथे जे मिळेल त्या जागी जास्तीत जास्त नुकसान करणारं साधनच माणसाला वाचवतं. बेलला असं चालून येणं कमी वेळा सोसावं लागलं, कारण तो बहुधा मोकळ्या रानात, माणसाची फारशी भीती नसलेल्या कळपांवर, आपल्याला हवा तो क्षण निवडून गोळी झाडत असे. निवडीचं हे स्वातंत्र्य सगळ्यांना मिळत नाही. म्हणूनच आफ्रिकेतल्या अनेक देशांनी पुढे हत्ती, रेडा, सिंह यांच्यासाठी .३७५ ही किमान मर्यादा कायद्याने घातली. कायदा सरासरी माणसाकडे पाहून करावा लागतो. बेलकडे पाहून नाही.

बेलच्या जोडीला नेहमी सांगितलं जाणारं दुसरं उदाहरण कॅनडातलं आहे. १० मे १९५३ रोजी आल्बर्टा प्रांतात स्लेव्ह लेकजवळ बेला ट्विन नावाच्या क्री आदिवासी बाईंनी एकेरी बाराच्या .२२ रायफलीने एक ग्रिझली अस्वल मारलं. .२२ ची गोळी दोन-अडीच ग्रॅमांची. ससे, खारी मारायची. ते अस्वल मात्र त्या काळी नोंदीतलं जगातलं सर्वांत मोठं ठरलं. ती रायफल पुढे तिथल्या संग्रहालयात गेली. पण त्या दिवशी काय घडलं ते नीट पाहा. वाट चालताना अस्वल जवळ आलं, पळायला जागा उरली नाही, आणि आयुष्यभर सापळे लावून प्राण्यांचं शरीर आतून-बाहेरून जाणणाऱ्या त्या बाईंनी अगदी जवळून त्याच्या कवटीच्या बाजूला, जिथे हाड पातळ असतं तिथे, गोळी घातली. अस्वल पडल्यावरही त्या थांबल्या नाहीत. ते मेल्याची खात्री होईपर्यंत आणखी गोळ्या झाडल्या. .२२ अस्वलाला पुरते, असा धडा यातून निघत नाही. दुसरा मार्गच नसताना ज्ञानाने केवढी तूट भरून काढली, एवढंच यातून दिसतं. शिवाय अशा घटनांत यशाचीच गोष्ट मागे उरते. ज्यांची .२२ ची गोळी कवटीवरून घसरली, त्यांच्या रायफली संग्रहालयात ठेवल्या जात नाहीत.

आपल्याकडे हा विषय जिम कॉर्बेटपासून सुटा करता येत नाही. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना जी रायफल भेट दिली, ती रिग्बीचीच .२७५ होती. याच रायफलीने कॉर्बेटनी २ मे १९२६ च्या सुमारास रुद्रप्रयागचा बिबळ्या मारला, आणि १९३० मध्ये चौगडची वाघीणही. चौगडला एका हातात पक्ष्याची अंडी, दुसऱ्या हातात रायफल, आणि काही फुटांवर वाघीण बसलेली; कॉर्बेटनी नळी एका हाताने इतक्या संथपणे वळवली की वाघीण हललीच नाही. जड दुनळी असती तर एका हाताने ती वळली असती का, हा विचार मनात येतोच. कुमाऊंच्या डोंगरांत दिवसेंदिवस एकट्याने पायी हिंडणाऱ्या माणसाला हलकी, बिनचूक रायफल का प्रिय असावी, हे त्या एका प्रसंगातून कळतं.

पण कॉर्बेटकडून घ्यायची मोठी शिकवण रायफलीविषयी नाही. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदलेले आहेत. ती मेल्यावर कॉर्बेटनी तिचा जबडा पाहिला. उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा हाडापर्यंत. जुन्या गोळीची ती जखम होती. त्या जखमेमुळे तिला नेहमीची शिकार साधेना आणि ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कुणीतरी, कधीतरी, वाघावर गोळी झाडली. ती वर्मापासून काही इंच चुकली. झाडणारा घरी गेला. त्या काही इंचांची किंमत नेपाळच्या आणि कुमाऊंच्या गावांनी वर्षानुवर्षं मोजली, आणि मोजणाऱ्यांत लाकूडफाटा, गवत आणायला रानात जाणाऱ्या बायका होत्या. ती गोळी कोणत्या बंदुकीची होती हे इथे गौण आहे. चुकलेला बार तिथेच संपत नाही, तो पुढे चालत राहतो, हे महत्त्वाचं. ज्याने बारीक रायफल निवडली त्याने चुकीला असलेली जागा स्वतः होऊन कमी केलेली असते. म्हणून त्याच्यावर ही जबाबदारी दुप्पट येते.

जबाबदारीची ही जाणीव समाजाच्या पातळीवर कशी रुजवता येते, हे पाहायचं तर स्कँडिनेव्हियाकडे वळावं लागतं. तिथे साडेसहा मिलिमीटरचं ६.५×५५ काडतूस १८९४ पासून आहे, आणि चारशे-पाचशे किलोंच्या मूस या हरणाची शिकार त्याने पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. तिथल्या कायद्याने नळीच्या जाडीवर बोट ठेवलं नाही. स्वीडनचा नियम गोळीचं वजन आणि शंभर मीटरवर उरणारी ऊर्जा पाहतो. दहा ग्रॅमांच्या किंवा अधिक वजनाच्या गोळीला तिथे कमी ऊर्जा चालते, हलक्या गोळीला अधिक लागते. रॉस आणि बेल यांच्यातला फरक त्या नियमात उतरला आहे. त्याहून मोलाचा आहे माणसाविषयीचा नियम. नॉर्वेत मोठं जनावर मारू इच्छिणाऱ्याला दरवर्षी आधी सरावाचे बार काढावे लागतात आणि मग चाचणीत शंभर मीटरवर पाच गोळ्या तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात घालाव्या लागतात. पाचही. एक बाहेर गेली तर तो नापास. आणि जखमी जनावराचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा ठरावीक वेळेत हाताशी येईल अशी सोय आधीच करून ठेवावी लागते. बारीक नळीला परवानगी देताना त्या समाजाने तूट कोण भरणार हे लिहून घेतलं आहे: शिकारी भरेल, जनावर नाही.

आता बेलकडे एकदा परत जायला हवं, कारण त्याच्या कौशल्याचा गौरव करताना एक गोष्ट झाकली जाते. त्याने हजारावर हत्ती मारले ते हस्तिदंतासाठी. बारीक रायफलीचा आवाज कमी, कळप लगेच उधळत नाही, म्हणून एका जागी एकामागून एक हत्ती पाडता येतात, हाही त्याच्या पद्धतीचा भाग होता. एकेका जनावराला यातना न होऊ देणं आणि जनावरांची जात राखणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेलने पहिली पुष्कळ साधली. दुसरी त्याच्या हिशेबातच नव्हती. त्यानंतरच्या काळात चोरट्या शिकाऱ्यांच्या हाती एके-४७ आली. तिची गोळी बेलच्या गोळीहूनही हलकी, आठ ग्रॅमांची, आणि ती झाडणाऱ्यांना वर्माशी देणंघेणं नव्हतं; कळपावर फैरी झाडायच्या आणि पडतील त्यांचे दात कापायचे. १९७९ मध्ये आफ्रिकेत सुमारे तेरा लाख हत्ती होते, १९८९ पर्यंत सहा लाखांच्या आसपास उरले, तेव्हा कुठे हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. ज्ञानातून संयम आपोआप येत नाही, तो वेगळा कमवावा लागतो, हे बेलच्या उदाहरणातून शिकायचं. आणि ज्ञानही गेलं, संयमही गेला, तर बारीक गोळी किती क्रूर होते ते त्या फैरींतून.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा अध्याय बंद केला, आणि ते योग्यच झालं. पण प्रश्न संपलेला नाही. आपल्या गावांत पिकात शिरणाऱ्या रानडुकरावर ठासणीच्या बंदुकीने किंवा गावठी कट्ट्याने छर्रे झाडले जातात. पोट फाटलेलं डुक्कर उसात शिरतं आणि सकाळी पाणी द्यायला आलेल्या माणसाच्या अंगावर येतं. हा त्याच तुटीचा हिशेब आहे. आणि त्याच्या उलट, बिबट्याला बेशुद्ध करायला जाणारे वनखात्याचे पशुवैद्यक पाहावेत. जुन्नर तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. त्या भागात हे काम नित्याचं आहे. औषधाची एक छोटी सुई, पण जनावराच्या वजनाचा अंदाज, औषधाची मात्रा, अंतर, हवेचा दाब आणि मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूची नेमकी जागा, हे सगळं बरोबर यावं लागतं. दाब जास्त झाला तर सुईच जनावराला जखमी करते. जनावर वाचवण्याच्या कामातही अधिक बळ म्हणजे अधिक परिणाम हा हिशेब चालत नाही. इथेही जागा आणि जाणच निर्णय करते.

म्हणून ‘एवढ्या मोठ्या जनावराला एवढीशी गोळी पुरेल का?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. वर्मी पोहोचली तर पुरते. आठशे हत्तींनी ते उत्तर कधीच दिलं आहे. विचारायचा प्रश्न बंदूक उचलणाऱ्याला आहे. जनावर तिरकं उभं आहे, मध्ये फांदी आहे, उजेड उतरतो आहे, श्वास चढला आहे, आणि दिवसभराच्या पायपिटीनंतर हा एकच क्षण मिळाला आहे. अशा वेळी नळी खाली करून परत फिरण्याची ताकद अंगात आहे का? मोठी नळी हा प्रश्न थोडा सैल करते. बारीक नळी तो दरवेळी, पूर्ण कडकपणे विचारते. ज्याचं उत्तर ‘हो’ आहे, त्याच्या हातात ती शोभते. ज्याचं उत्तर ‘पाहू, लागली तर लागली’ असं आहे, त्याच्या हातात लहान काय आणि मोठी काय, कोणतीच बंदूक असू नये.